पंप

डल्सीच्या कोटाच्या खिशात एक,
गाडीच्या कप्प्यात एक, पिठाच्या डब्यामागे एक,
एक चर्चच्या बाकावर विसरलेला,
जो पाद्रीबाईंनी पाकिटात घालून परत पाठवला.
निळे. सगळे निळे.
मी चेष्टेनं त्यांना तिची पिल्लं म्हणायचो.

न्यूफाउंडलंडात आमच्या किनाऱ्यावर
एप्रिलपासून खेकड्यांचा हंगाम.
कारखान्यात ती उकळत्या टाकीशेजारी उभी,
नऊ-नऊ तास, खेकड्यांचे पाय मोडत.
वाफेला वास असतो,
आणि वासाखाली आणखी काहीतरी,
जे दिसत नाही, छातीत जाऊन ठाण मांडतं.
आमच्या गावात त्याला कुणी आजार म्हणत नाही.
हंगाम म्हणतात.

फुस्स. दोन मिनिटं. मोकळं.
पुन्हा पावावर काकवी, पुन्हा हसणं.
मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?
एवढीशी वस्तू आणि इतकी हुकमी.
जिना चढून आली, फुस्स.
दारातला बर्फ सारला, फुस्स.
रात्री तीनला उशीखाली चाचपून,
मला जाग येऊ नये म्हणून
पांघरुणात तोंड खुपसून,
फुस्स.

मी जागाच असायचो.
झोपेचं सोंग घ्यायचो, कारण उठलो असतो तर
काहीतरी विचारावं लागलं असतं.

हात थरथरायचे तिचे. चहा बशीत सांडायचा.
"वय झालं," म्हणायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

जूनमध्ये माझ्या बोटीच्या तळाचा पंप,
जो दिवसातून दोनदा चालायचा,
तासातासाला घरघरू लागला.
भाचा क्लेटन म्हणाला, "झकास पंप आहे, मामा,
बघ किती पाणी उपसतोय!"
मी त्याच्या अंगावर खेकसलो,
"गाढवा, पंप असा सारखा चालायला लागला
की पंपाचं कौतुक करायचं नसतं,
भोक शोधायचं असतं!"

आणि तिथेच थांबलो,
हातात पाना, तोंड उघडं,
बुटांत पाणी.

नर्स व्होकी एक गुरुवार सोडून एक गुरुवार येते.
"जानेवारीपासून किती झाले?"
"असतील तीन," डल्सी म्हणाली.
मी पिशवी टेबलावर उलटी केली.
नऊ.
एकेकात दोनशे फवारे.
हिशेब मी केला नाही, तिनंच केला, ओठ हलवत.

व्होकी ओरडली नाही.
"निळा वाईट नाही, तो जवळ हवाच.
पण तो फक्त दार ढकलतो.
आतली सूज तशीच, दारामागे बसून.
आठवड्यात दोनदाहून जास्त लागला,
रात्री उठवायला लागला, तर तो निरोप असतो, डल्सी,
तो फवारून पुसायचा नसतो.
आणि निळ्यानंही भागलं नाही,
तर विचार करत बसायचं नाही, मदत बोलवायची.
तपकिरी कुठाय?"

तपकिरी खणात. तीन वर्षांचा. झाकणही न उघडलेलं.
"तो घेतला तरी काहीच वाटत नाही."
"बरोबर," व्होकी म्हणाली. "काही वाटू नये,
हेच त्याचं काम."

आता नवा तपकिरी, सकाळ-संध्याकाळ, मग चूळ.
निळ्याच्या खोक्यावर पेन्सिलीच्या रेघा,
एका फवाऱ्याला एक.
पहिल्या आठवड्यात एकोणीस. मग चौदा.
मग सतरा, तेव्हा धुकं होतं.
टाकी आहे तिथेच आहे. तिला तिथून हलवायचं
फोरमन "बघू" म्हणालाय.
बोटीचं भोक सापडलं, करंगळीएवढं.

काल रात्री तीनला सवयीनं जाग आली.
कान देऊन पडलो.
काही नाही. नुसता तिचा श्वास,
आत, बाहेर, कुणाची परवानगी न मागता.
मी तिला हलवून उठवलं.
"काय झालं?" ती दचकली.
"काही नाही," म्हटलं,
"विचारायचं राहिलं होतं."