तीन दिवस केळं नाही

सावद्याच्या स्टेशन रोडवर माझं कलेक्शन सेंटर:
एक टेबल, एक फ्रीज, दोनवरच चालणारा पंखा.
जळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन
तोताराम फेगडे आले, टोपी मांडीवर ठेवून बसले.
चेहरा मधेच लालबुंद होतो, म्हणाले,
कुणी काही बोललेलं नसताना.

मी पाच लिटरचा कॅन पुढे केला.
तळाशी आम्ल आहे, जपून.
चोवीस तासांची लघवी, सकाळची पहिली सोडून.
आणि आजपासून कॅन भरेपर्यंत
अक्रोड नाही, टमाटा नाही, वांगं नाही,
केळं नाही.

अक्रोड त्यांनी लगेच सोडला.
"वांगं नही म्हन्जे भरीतबी नही?"
नाही.
"आन केयं नही."
ते बाहेर बघत राहिले. बाहेर ट्रकात
पानांच्या थरावर घड, घडांवर पानं.
"मंग तीन दिवस मी कोन्या गावाले जाऊ?"

काय सांगणार होते मी?
की केळीच्या गरात सेरोटोनिन असतं, सालीत त्याहून जास्त,
झाडाला त्याचं काय काम, कुणाला नीटसं ठाऊक नाही.
की तेच तुमच्या आतड्यात, तुमच्या रक्तात,
आणि काम झालं की यकृत त्याचं शेपूट छाटतं,
उरलेलं आम्ल होऊन या कॅनमध्ये येतं.
तुमचं किती आणि बागेचं किती,
कॅनला कळत नाही.

फैजपूरच्या कॉलेजात खाचणे सरांच्या कपाटात
रत्नागिरीहून आणलेला एक समुद्रससा होता,
फॉर्मालिनमध्ये, भिजलेल्या पोळीसारखा.
समुद्र न पाहिलेले आम्ही अकरा जण
बरणीला नाक लावून उभे.
सर म्हणाले, यालाही सेरोटोनिन आहे. हुबेहूब तेच.
एकदा धक्का बसला की पुढच्या स्पर्शाला
हा जास्त अंग चोरतो, ते त्याच्यामुळेच.
पण आपल्यासारखं हा ते सहसा छाटत नाही.
त्याला ग्लुटामेटची गाठ मारतो,
कधी वर गंधकाचा शिक्का,
की झालं. रेणू अख्खा, पण मुका.

मी वहीत लिहिलं होतं:
पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी आपले त्याचे आजेपणजे एकच,
शब्द तेव्हाचाच.
तो गप्प कसा करायचा
हे मात्र ज्याने त्याने आपल्या घरी ठरवलं.
सरांनी खाली लाल पेनने लिहिलं, "पुरावा?"
आणि पाचापैकी साडेतीन दिले.

चौथ्या दिवशी फेगडे आले.
कॅन भरलेला, झाकण घट्ट, वर सुतळी.
ठेवला, आणि गेले नाहीत.
"एक सांगू का बई? एकच खाल्लं.
नव्या बागेचं पहिलं घड. सुनेनं हातात देल्लं.
नही म्हनता आलं नही."
रागावू, असं वाटलं होतं मला.
मी रजिस्टरमधला त्यांचा नंबर खोडला, नवा कॅन काढला.
मग का कोण जाणे, त्यांना समुद्रसशाचं सांगितलं.
सगळं. गाठ, शिक्का, कपाट, साडेतीन.
त्यांनी लहान पोरासारखं ऐकलं,
ऐकता ऐकता चेहरा लाल झाला, पुन्हा उतरला.

दुपारी सोडा टाकून, फेस बसू देऊन
मी जुना कॅन मोरीत ओतला.
मोरीतून गटार, गटारीतून नाला, सुकी, तापी,
आणि सुरतेच्या पुढे खारं पाणी.
तिथे पोचेपर्यंत त्यात फेगड्यांचं काय उरणार.
तरी मी नळ जरा जास्तच वेळ सोडून ठेवला.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं होतं,
"आन त्या गोगलगायीले
काही पथ्य?"