बादलीतली फांदी

मालात्यात एप्रिल लागला की
प्रयोगशाळेत आम्ही तिघीच उरतो.
बाकी सगळे बागांत, पहाटेच्या हिवाला धूर दाखवायला.
माझ्या टेबलावर चिमटा, निळ्या रंगाची कुपी,
आणि हिदिर आमजांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली
जर्दाळूची फांदी.
आमजा म्हणजे काका. पण ते कुणाचेच काका नाहीत,
नुसतं म्हणायचं.

चाळीस झाडं, सगळी एकाच जातीची.
फुलतात अशी की वाटेवरचा ट्रक थांबतो.
मे महिन्यात खाली पाहावं
तर वाळल्या गाठींचा सडा,
वर ओंजळभरही नाही.
"औषध सांग," म्हणाले, "फवारायचं."

औषध आहे. कपाटात तीन बाटल्या आहेत.
आगरच्या गोड थरावर
मी त्यांच्याच फुलांचे पराग पेरले.
एका बशीत नुसते,
दुसरीत जिबरेलिन,
थेंब कसला, थेंबाचा हजारावा वाटा.
दोन तासांनी पाहिलं:
नुसत्या बशीतले अजून डोळे चोळत होते,
दुसरीतले केव्हाच निघालेले,
लांब, पारदर्शक, सुताच्या धाग्यासारखे,
कुठे जायचं ते माहीत नसताना.
तिसऱ्या बशीत माझा हात सैल पडला होता.
तिथे कुणी उगवलंच नाही.
मिठाचं जे, तेच याचं.

काचेवर अडवणारं कुणी नसतं.
फुलात असतं.

तोच पराग त्याच झाडाच्या कुक्षीवर ठेवला,
वर तेच संप्रेरक फवारलं.
तीन दिवसांनी कुक्षिवृंत मऊ करून,
काचेखाली दाबून,
अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
नलिका उतरल्या होत्या, फिकट हिरव्या उजेडाच्या,
वाटेचा तिसरा हिस्सा,
औषधामुळे फार तर केसभर पुढे.
मग टोकं फुगलेली, जाड,
उंबऱ्यावर थांबवलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांसारखी.
आतून कुणी विचारलं असणार: कुणाचा रे तू?
आणि त्यांनी खरं तेच सांगितलं:
तुझाच.

माझ्या ओळखीची सगळी दारं
याच उत्तराला उघडतात.
म्हणून मला समजायला जरा वेळ लागला.

"वेग वाढतो, आमजा. निकाल बदलत नाही.
परकं झाड लागेल."
ते टोपी गुडघ्यावर फिरवत बसले.
मग म्हणाले, "भिंतीशी एक झेर्दाली होती.
रानटी. कडू बियांची.
अर्धी सातिलमिशच्या अंगणावर झुकायची.
माझी फळं, आणि गोड तोंड त्याचं.
अकरा वर्षं झाली. मीच तोडली.
कुऱ्हाड नवी होती."

त्यांनी पुढचं सांगितलं नाही, ते मला ड्रायव्हर युर्दानूरने सांगितलं:
पडलेल्या फळांच्या बिया सातिलमिशच्या मातीत रुजल्या.
आता पलीकडे तीन झेर्दाली आहेत.
पाणी त्याचं, सावली त्याची.

मी म्हणाले, कलम धरायला वर्षं लागतील.
या मोसमापुरतं, फुललेल्या फांद्या कापून
बादलीत पाणी घालून झाडांत टांगतात.
बाकीचं माश्या बघतात.
"त्याच्याकडे मागू?"
माश्यांनी कधी विचारलं नाही, म्हणाले,
आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.
फांदी टेबलावरच ठेवून ते गेले.

गुरुवारी नमुने घ्यायला गेले
तर बागेत निळी बादली, रंगाचा डबा,
तेलाचे दोन पत्र्याचे डबे,
सगळे दोरीने लटकलेले,
सगळ्यांत दुसऱ्याच पांढऱ्याची फुलं.
कुणी दिल्या, कधी, काय बोलणं झालं,
विचारायची माझी टाप नव्हती.
डब्यांवर सातिलमिशच्या घरचं चुन्याचं बोट होतं.

रात्री परत हीव पडलं.
किती टिकेल, कुणास ठाऊक.
एक कुक्षिवृंत मात्र मी आणला,
त्यात एक नलिका तळापर्यंत पोचलेली.
एकच. मी दोनदा मोजली.

संध्याकाळी फोन आला.
मला वाटलं, झाडांचं विचारतील.
"पोरी," आमजा म्हणाले,
"फुलं झडली की बादली परत द्यावी लागेल.
रिकामी कशी देऊ?"