दोन बोटं

नान्नांची तीस वर्षं साखर पेठेतल्या मागांवर गेली.
त्या खडखडाटात तोंडाचा उपयोग नव्हता,
म्हणून घरीही ते हातांनीच बोलत.
दोन बोटं वर म्हणजे चहा.
हवेतच चिमूट तोडली म्हणजे धागा तुटलाय,
आज काही विचारू नका.
आम्हाला ते सगळं वाचता यायचं,
शाळेत जायच्या आधीपासून.

माग भंगारात गेले.
आता विडी घरकुलात दोन खोल्या, आम्ही चौघं
आणि एक ग्रुप : येमुल परिवार.
नरेश आतून लिहितो, पाणी आलं का?
मी नळाशी उभी राहून लिहिते, आलं.
नान्ना त्यावर अंगठा टाकतात.

अम्मा ग्रुपात नाही.
पानं कातरून, विड्या वळून
तिच्या बोटांवरच्या रेघाच झिजल्यात.
फोन तिला ओळखत नाही.
रेशनचं मशीनही नाही ओळखलं,
दुकानदार म्हणाला, पुसून लावा मावशी,
तर ती पुसतच राहिली, पदराला.

आज सकाळी सुपातली तंबाखू निवडताना म्हणाली,
‘काल जेवणानंतर त्यांनी बोटं वर केली होती.
बराच वेळ धरली होती गं.
तू इथेच होतीस.
मग खाली घेतली, चष्मा शोधला,
फोनवर काहीतरी लिहिलं.
चहा मीच ठेवला शेवटी.’

मी ग्रुप उघडला.
रात्री नऊ बावन्न : चहा.
खाली एक अंगठा.
माझा.