मोजणारी

व्हिएन्ना. दुपारचे तीन.
थेक्ला वोंद्राचेक काळे पडदे ओढून घेते
आणि डोळे अंधाराला सरावण्याची वाट पाहते.
अर्धा तास. बोललं तर चालतं,
फक्त काडी पेटवायची नाही.
शेजारची बेर्टा लोकरीच्या भावाबद्दल बोलते.

मग भिंगाखाली जस्ताचा इवला पडदा.
एक ठिणगी.
थांब.
दोन.
मग तीन एकदम,
की दोन ठिणग्या आणि एक पापणी?

ओटाक्रिंगच्या दुकानात बाबा खसखस दळायचे.
तिने विचारलं होतं, अजून बारीक?
अजून?
"एका जागी तेल सुटतं," ते म्हणाले,
"पुढे ती खसखस राहत नाही."

शाळेत कळलं, एका ग्रीकाने
शेवटचा दाणा सांगितला होता, न चिरणारा.
पाहिला नव्हता.
मग तो तराजूला सापडला, डोळ्याला नाही.
मग तोही चिरला.
आत बेदाणे निघाले, गुगलहुपमध्ये असतात तसे.
मग बेदाणेही नाहीत, केकही नाही:
प्राटरच्या सगळ्या कुरणात शर्टाचं एक बटण,
आणि कुरणाचं सगळं वजन त्या बटणात.
प्रत्येक वेळी फळा पुसताना
थोडं पांढरं मागे राहिलंच.

नोव्हेंबरात समुद्रापलीकडून प्रेंटिस नावाचे पाहुणे आले.
हातमोजे काढून, फार नम्रपणे म्हणाले,
आज मोजणाऱ्यांना काही सांगू नका.

थेक्लाने लिहिलं: अकरा.
नऊ.
बारा.

दिवा लागला तेव्हा
कुणी तिच्याकडे बघेना.
मधे शिसं होतं.
सगळा वेळ शिसं होतं.

खोटं नव्हती बोलली ती.
डोळ्यात तेल घालून पाहिलं होतं.
तेलच दिसलं असेल.

पुढच्या वर्षी तार आणि नळी आली,
टिक् टिक् करणारी.
तिला कुणी काय दिसायला हवं ते सांगत नव्हतं,
आणि तिच्या पापण्या नव्हत्या.
बेर्टा लोकरीच्या दुकानात लागली.
निबंध मागे घेतले गेले, काही नुसतेच विसरले गेले.
थेक्लाचं नाव त्यातल्या एकाही तक्त्यात नव्हतं,
म्हणून चुकीतही नव्हतं.
याचं बरं वाटावं की वाईट,
हे तिने बरीच वर्षं ठरवलं नाही.

आता ती रविवारी खसखस दळते.
भाची टेबलावर वही पसरते: मधे एक गोळा,
भोवती कडी, कड्यांवर ठिपके.
"मावशी, असाच दिसतो ना?"

चक्कीची मूठ थांबते.
बोटांना तेल लागलंय.

"फिकट काढ," थेक्ला म्हणते.

मुलगी जीभ दातांत धरून
पेन्सिल दाबूनच फिरवते,
पान फाटेपर्यंत.