रकाना क्रमांक नऊ

शार्लटटाउनच्या त्या विटांच्या इमारतीत
बर्निस गोदे पहिल्यांदा शिरली ती टपाल फोडायला.
वय तेवीस. बोटांना कागदाच्या चिरा,
टेबलावर देशभरातून आलेली माणसं,
घड्या घालून पाकिटात बसलेली.

दर जानेवारीत फॉर्म जायचा
प्रत्येक जखमी पेन्शनवाल्याला.
रकाना नऊ : गेल्या वर्षभरात अपंगत्वात काही सुधारणा?

टिग्निश गावच्या एल्मर मकफीनं
(डावा पाय गुडघ्याखाली नाही, कोरिया, एक्कावन्न)
निळ्या शाईत लिहिलं होतं :
"होय. कोंब फुटलाय, बहुधा अंगठा असावा.
बाकीची बोटं बटाट्यांबरोबर येतील."

ती हसली. एकटीच, मोठ्यांदा.
मग शिक्का उचलला : उत्तर अपूर्ण, परत.
नियम तो नियम, आणि ती अजून कायम व्हायची होती.

पुढल्या वर्षी : "घोट्यापर्यंत आलाय. बूट पाठवा."
त्याच्या पुढल्या : "पाला हिरवा, पण कीड दिसते."

ती वर चढत गेली.
दालनाला दार आलं, दाराला पाटी,
पाटीवर शेवटी : सचिव, माजी सैनिक खातं.
मंत्री सात आले, सात गेले;
अकरा नोव्हेंबरला प्रत्येकाच्या कोटावरचं
पॉपीचं फूल तिनंच सरळ केलं.

रकाना नऊ काढायला अकरा वर्षं लागली.
चार समित्या. एक अहवाल, त्या अहवालावर अहवाल.
एका बैठकीत कुणी विचारलं,
पण मॅडम, समजा खरंच कुणाचा सुधारला तर?
ती म्हणाली, तर मला कळवा. बँड घेऊन येते.

त्या जानेवारीत फॉर्म गेला नाही.
मार्चमध्ये पत्र आलं, शाई निळीच, अक्षर थरथरतं :
"यंदा फॉर्म नाही. मी मेलो असं ठरवलंत का?
हिवाळाभर उत्तर जुळवत होतो."

मी तेव्हा तिची गाडी चालवायचो.
लाल मातीवर अर्धवट वितळलेला बर्फ,
तिच्या मांडीवर रद्द फॉर्मांचं पुडकं,
छापखान्यात उरलेले, मोजून वीस.
दोन तासांत ती एकच वाक्य बोलली :
याचा चेक मी एकदा दोन महिने अडकवला होता.

दार त्यानं स्वतः उघडलं, कुबडीवर.
फॉर्म घेतले, बोटाला थुंकी लावून मोजले.
"वीस? फार आशावादी आहात," म्हणाला.
मग चष्मा शोधायला लागला,
आणि खात्याची सचिव, ओले बूट तसेच,
त्याच्या स्वयंपाकघरातले खण उघडून
पेन शोधायला लागली.
निळंच हवं होतं.