आ करा

डॉक्टर नूलकर म्हणतात, आ करा.
मी आ करते.
दिवसभर तेच तर करते पहिलीच्या वर्गात,
आ आईचा, आ आरशाचा,
चेंबूरच्या पलीकडे, माहुलच्या वाटेवर,
जिथे खिडकी उघडली की रिफायनरीचा वास
आणि लावली की त्रेचाळीस डब्यांचा.
इथे मात्र आ म्हणजे नुसता आ.
जिभेवर लाकडी पट्टी, टॉर्चचा उजेड,
आणि डॉक्टरांच्या घशातून एक "हं".

"वर्षातून किती वेळा होतं?"
होतं अधूनमधून.
"अधूनमधून म्हणजे?"

तारखा कुठून आणू.
मला आठवतं ते असं:
गौरीजेवणाला पुरणपोळी गिळवेना.
सहामाहीच्या तोंडी परीक्षेला मलाच तोंड नव्हतं.
नणंदेच्या डोहाळजेवणात सगळ्या म्हणाल्या नाव घे,
मी पदराआड हसले, त्यांना वाटलं लाजले.
संक्रांतीला तिळगूळ दिला,
गोड बोलायचं राहून गेलं.
आणि हे आत्ताचं.

डॉक्टर लिहितात: पाच.

"गोळ्या घेतल्या होत्या?"
घेतल्या.
"पूर्ण?"

टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, विजेच्या बिलांखाली,
कात्रीने अर्धवट कापलेल्या पट्ट्या आहेत.
एकीत चार, एकीत सहा,
एकीत एकच, जपून ठेवलेली.
ताप उतरला की मी सुटले.
उरलेल्या पुढच्या वेळी होतील.
आम्ही करवंटी टाकत नाही, ही तर अठरा रुपयांची गोळी.
शेजारच्या यास्मिनभाभींना दोन उसन्याही दिल्या होत्या.
हे मी डॉक्टरांना सांगत नाही.

ते सांगतात, सगळे घसे एक नसतात.
नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय,
तर गोळीचं तिथे बहुतेक काही काम नाही.
मीठपाणी, झोप, गप्प बसणं.
पण ताप आहे, मानेत गाठी आहेत, खोकला नाही,
आवंढा गिळताना काच उतरते,
तर लगेच या. आत कोण बसलंय ते आधी बघू.
मग गोळ्या, आणि शेवटच्या गोळीपर्यंत.

म्हणजे त्या पाचांपैकी
किती वेळा मी उगीचच गोळ्या खाल्ल्या
आणि किती वेळा उगीचच सोडल्या?

ऑपरेशन?
"आधी वही करा. तारीख, ताप, गाठी. मग बोलू."

कापसाची काडी घशाच्या मागच्या भिंतीला लागली
आणि डोळ्यांत पाणी आलं.
ते रडणं नव्हतं.
पण डॉक्टरांनी न विचारता रुमाल पुढे केला
आणि मग ते रडणंच झालं.

घरी हेरंबने मीठपाणी केलं.
तीन चमचे मीठ. सबंध खाडी घशात.
मी हातानेच म्हटलं, एवढं नको.
तो म्हणाला, किती शांत वाटतंय गं घर.
मग थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज वाढवला,
मग बंद केला,
मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला
उगाच.

रिपोर्ट आला. दहा दिवसांच्या गोळ्या.
तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं.
नेमकी हीच ती जागा, जिथे मी दर वेळी उतरते.

चौथ्या दिवशी वर्गात गेले, बोलायचं नाही असं ठरवून.
फळ्यावर अक्षर काढलं, मुलांकडे वळले
आणि नुसतं तोंड उघडलं.
त्रेचाळीस तोंडं उघडली: आऽऽऽ
त्रेचाळीस लाल घसे, पडलेले दात,
खिडकीतलं ऊन थेट पडजिभेपर्यंत.
तिसऱ्या बाकावरच्या अल्फियाच्या घशात
दोन्ही बाजूंना टपोरी करवंदं.
कपाळ तापलेलं.
तिच्या आईला चिठ्ठी लिहिली.
खाली एक ओळ जास्तीची:
गोळ्या दिल्या तर मध्येच सोडू नका.
लिहिताना कान गरम झाले.

दहाव्या रात्री शेवटची गोळी.
वहीत तारीख टाकली.
रिकामी पट्टी केराच्या डब्यापर्यंत नेली
आणि परत आणली.
ड्रॉवरमध्ये ठेवली, सगळ्यात वर,
बाकीच्यांना दिसेल अशी.