उजेड बुजवताना

अंपारो सकाळी साडेसातला घरी येते,
इस्पितळाच्या धुलाईघरातली रात्र उरकून.
हातांना ब्लीचचा वास.
टूसॉनमधला जुलैचा सूर्य
तोवर दोन तास कामाला लागलेला असतो.
तिला झोप हवी असते.
मला, निवृत्त माणसाला, काम.

पडदे जाड आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.
तक्रार खिडकीतल्या एसीची.
खिडकी त्याला ढगळ होते, म्हणून दोन्ही अंगांना
प्लास्टिकच्या घड्या, अकॉर्डियनच्या भात्यासारख्या.
सूर एक वाजत नाही,
उजेड मात्र गाळून देतात पिवळा.

आधी फोम आणला. करडा, चार बोटं जाड.
दुकानातला पोरगा म्हणाला, "ऊन अडवायला ना, आजोबा?"
म्हटलं, "नाही रे. सकाळ."
पावाच्या सुरीनं कापला, ठासून भरला.
मग बंबाच्या खोक्याचा पुठ्ठा,
मग स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल,
मग काळी चिकटपट्टी, तीन रिळं.

एक फट बुजवली की दुसरी दिसू लागते.
नवी नसते ती,
मोठ्या उजेडापुढे इतके दिवस गप्प होती इतकंच.
त्रेचाळीस अंशांत पट्टीचा डिंक घामेजतो,
दुपारी दोनला एक कोपरा
आवाज न करता सुटतो
आणि तिच्या उशीवर
कुणी सुरी ठेवावी तशी रेघ.
ती काही म्हणत नाही. डोळ्यांवर
माझा जुना मोजा टाकून कूस बदलते.

बाहेरून बघून काही सापडेना.
म्हणून ती बहिणीकडे नोगालेसला गेली तेव्हा
मी तिच्या जागेवर आडवा झालो,
सकाळी दहा वाजता, बूट काढून.
दहा मिनिटं नुसता काळोख.
बरा जमलाय, म्हटलं, काळोख.

मग समोरच्या भिंतीवर
आमची गल्ली आली.
उलटी.
रस्ता छताला चिकटलेला,
सेफेरीनोचा पिकअप चाकं वर करून उभा,
पालो वेर्देचं झाड बुंध्यानं टांगलेलं,
आणि आभाळ खाली, कपाटाच्या पायाशी,
फिकट निळं, धुऊन आटलेलं.
टपालवाली बाई डोक्यावर चालत आली,
पेटीत काहीतरी टाकून गेली.
उठून पाहिलं तर विजेचं बिल.

भोक सापडलं. स्क्रूचं,
ज्यात स्क्रू कधी बसवलाच नव्हता. मीच.
मसुराएवढंही नाही.

ती परतल्यावर दाखवलं,
जणू मीच लावलेला शोध.
ती चपला काढत होती.
"हो," म्हणाली, "नऊ वर्षं बघतेय."
मी पट्टीचा तुकडा दातांनी तोडून तयार.
"बुजवू?"

"दहाच्या सुमाराला झाडाखाली एक माणूस येतो,"
ती म्हणाली, "उलटा.
आधी घराकडे बघतो. मग खिशातून काहीतरी काढतो.
त्याचा धूर खाली पडतो,
पार माझ्या चपलांपर्यंत."

माझ्या छातीत डॉक्टरांनी जाळी बसवली
त्या वर्षापासून मी सिगारेट ओढत नाही,
असं आमच्या घरी ठरलेलं आहे.

पट्टीचा तुकडा बोटालाच चिकटून राहिला.
तिनं तो सोडवला,
फ्रिजवर लावून ठेवला, कधीतरी लागेल म्हणून,
आणि आत जाऊन झोपली.

आज दहाला झाडाखाली गेलो.
खिसे रिकामे. म्हणजे, जवळजवळ.
तिला झोप लागलेली असावी,
एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.
तरी खिडकीकडे तोंड करून
हात वर केला.
तिकडे तो खाली गेला असणार.